मुक्काम जुन्नर-आंबेगाव : धरणाकाठी, शेतावर, मुलाबाळांसह

सकाळी सहाला पुणे सोडायचं, चाकणच्या कोंडीत तासभर घालवायचा, अकराला लेण्याद्रीच्या पायऱ्या, एकला ओझरचा विघ्नहर, जेवून तडक शिवनेरी आणि दिवेलागणीला नारायणगावात मिसळ खाऊन परत. जुन्नर तालुका ‘करून’ येण्याची ही आपली ठरलेली रीत. यात आजोबांचे गुडघे धरतात, धाकट्याला घाटात उलटी होते आणि घरी पोचल्यावर नेमकं काय पाहिलं हे कोणालाच धड सांगता येत नाही.

हेच कुटुंब अंदमानला किंवा मालदीवला गेलं की वेगळं वागतं. तिथे बेट लहान, पळायला जागा नाही. मग माणसं चार दिवस एका ठिकाणी राहतात. सकाळी पाण्यात, दुपारी झाडाखाली, संध्याकाळी मावळता सूर्य पाहत. सुट्टी लागते ती या एका जागी राहण्यामुळे. त्याला समुद्रच हवा असं नाही.

जुन्नर-आंबेगावला समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणं या दोन तालुक्यांत आहेत. त्यांच्या काठांवर, द्राक्षबागांत आणि घाटमाथ्याच्या गावांत आता राहण्याच्या सोयी झाल्या आहेत. २०१८ साली राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला, २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. तेव्हा इथे दर्शनाला न जाता मुक्कामाला जावं. तो मुक्काम सुखाचा आणि सुरक्षित कसा होईल, त्याच्या या गोष्टी.

आधी पट्टा ठरवा, मग खोली

दोन्ही तालुके नकाशावर पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहावेत. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा : नाणेघाट, माळशेज, आहुपे, भीमाशंकर. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, भातखाचरं आहेत, हिरड्याची झाडं आहेत आणि वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची आहे. मधल्या पट्ट्यात धरणं, किल्ले आणि जुन्नर, घोडेगाव ही तालुक्याची गावं. पूर्वेला नारायणगाव, आळे, बेल्हे, मंचर हा बागायती भाग. द्राक्ष, टोमॅटो, कांदा, ऊस सगळं इथलं, पण पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर. पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरात पाऊस एवढा बदलतो, कारण अरबी समुद्रावरून येणारे ढग कड्यावर चढताना रिते होतात आणि पूर्वेकडे पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही.

म्हणून ऋतू पाहून पट्टा निवडावा. जानेवारी ते मार्च हे दिवस पूर्वेकडच्या बागांचे. वेलींना घड लटकलेले असतात, हवा कोरडी, पहाटे मात्र पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. मुलांच्या कानटोप्या विसरू नयेत. एप्रिल-मेमध्ये धरणाचा काठ किंवा घाटमाथा बरा, कारण रात्री वारा सुटतो. मेच्या अखेरीस भीमाशंकर-आहुपेच्या रानात काजवे येतात आणि मोठा पाऊस लागला की दिसेनासे होतात. त्यांचा उजेड हा नर-मादीचा एकमेकांना इशारा असतो, म्हणून तिथे बॅटरी आणि मोबाइलचा झोत बंद ठेवणं हीच त्यांच्यावरची दया.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर मुक्काम टाळावा. हिरवाई मोहक असते हे खरं, पण याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गेली. मुरलेल्या पावसाने माती जड होते, खालच्या कातळावरून घसरते, आणि ते क्षणात घडतं. पावसाळ्यात जायचंच असेल तर मधल्या पट्ट्यात राहावं, माळशेज-नाणेघाट दिवसा पाहून परतावं आणि निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा व प्रशासनाची बंदी दोन्ही तपासावं.

तारखाही पाहाव्यात. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, त्या आठवड्यात जुन्नरात पाय ठेवायला जागा नसते. संकष्टी-अंगारकीला ओझर आणि लेण्याद्री, श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला भीमाशंकर. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा असतात. नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावकरी तिथे येऊन सुपारी ठरवतात. शर्यतीच्या घाटांत बैलगाडे पळतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये या शर्यतींना मान्यता कायम ठेवली. गर्दीची हौस असेल तर हेच दिवस निवडावेत, पण मग शांततेची अपेक्षा धरू नये.

दिवसाला एकच ठिकाण

मुक्कामाचा मुख्य नियम हा : रोज एकच ठिकाण, तेही सकाळी. साताला निघून अकराच्या आत खोलीवर. दुपार आंब्याखाली, संध्याकाळ अंगणात.

पहिली सकाळ शिवनेरीला द्यावी. सात दरवाज्यांची वाट मुलांना मोजायला सांगितली की चढ जाणवत नाही : महादरवाजा, गणेश, पीर, हत्ती, शिवाई, मेणा आणि कुलूप दरवाजा. वाट पायऱ्यांची आणि रुंद आहे, आजी-आजोबा थांबत थांबत शिवाई देवीपर्यंत सहज येतात. जन्मस्थान आणि गंगा-जमुना टाकी पाहून तिथेच थांबावं. कडेलोटाच्या टोकाकडे मुलांचा हात धरूनच जावं. साखळीची वाट ट्रेकरांसाठी, कुटुंबासाठी नाही.

दुसरी सकाळ लेण्याद्रीला. पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत आणि ऊन चढलं की दगड तापतो. वर गिरिजात्मजाचं स्थान सातव्या लेण्यात आहे. हे मुळात बौद्ध भिक्षूंचं विहार : मध्ये एकही खांब नसलेलं प्रशस्त दालन आणि भोवती त्यांच्या खोल्या. अष्टविनायकांपैकी डोंगरातल्या लेण्यात बसलेला हा एकच गणपती. देवदर्शन झाल्यावर घाईने उतरू नये. शेजारच्या चैत्यगृहातही जावं. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत, आणि मानमोडीच्या लेण्यांत यवनांनी म्हणजे ग्रीक लोकांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. समुद्रापलीकडची माणसं इथे कशी आली?

त्याचं उत्तर तिसऱ्या सकाळी नाणेघाटात मिळतं. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच खिंडीतून वर जुन्नरला येई. वाटेवरचा मोठा दगडी रांजण जकातीचा, असं परंपरा सांगते. गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या दानांची यादी आहे आणि तिच्यात आकडे कोरलेले आहेत. आपण आज लिहितो त्या अंकांच्या पूर्वजांचे हे फार जुने नमुने. गणिताला वैतागलेल्या मुलाला ते आवर्जून दाखवावेत. पावसाळ्यात इथेच धबधबा उलटा उडताना दिसतो : कोकणातून येणारा वारा घळीत कोंडला जातो आणि कड्यावरून पडणारं पाणी वर फेकतो. जो वारा पाणी वर फेकतो तो माणसाचाही तोल घालवतो, हे लक्षात ठेवून कठड्याच्या आतच राहावं.

चौथा दिवस असेल तर पूर्वेला खोडद. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. आकाशातल्या अतिदूरच्या वस्तूंकडून येणाऱ्या क्षीण लहरी त्या टिपतात, म्हणून तिथे मोबाइल बंद ठेवावा लागतो. भेटीसाठी परवानगी आधी काढावी लागते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला मात्र तिथे प्रदर्शन भरतं आणि गावोगावची शाळकरी मुलं येतात. आंबेगावकडे मुक्काम असेल तर खोडदऐवजी भीमाशंकरचं रान. अभयारण्याची घोषणा १९८५ ची. झाडांच्या शेंड्यावर काटक्यांचे मोठाले गोळे दिसले की ती शेकरूची घरटी समजावीत. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतो, त्यामुळे दहा घरटी दिसूनही प्राणी दिसला नाही तर हिरमुसू नये.

पाणी : समुद्राची सवय इथे नडते

सुट्टीतल्या कित्येक दुर्घटना पाण्याच्या असतात, आणि त्यातल्या अनेक पोहता येणाऱ्यांच्या. कारण साधं आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, ते अंगाला उचलून धरतं. धरणाचं पाणी गोडं, तिथे शरीर जास्त बुडतं आणि दम लवकर लागतो. चांगल्या पुळणीवर पाणी हळूहळू खोल होत जातं. धरणात काठापासून दोन पावलांवर जुनी नाल्याची खोली असू शकते, कारण तो तळ मुळात डोंगराचा उतार आहे. काठचा गाळ वरून टणक दिसतो आणि पाय रोवला की गुडघ्यापर्यंत आत ओढतो. खालचं पाणी थंडगार असतं, त्यामुळे सूर मारला की पायात गोळे येतात. बुडालेली झाडं आणि जाळी तर दिसतही नाहीत.

डिंभ्याचंच पाहा. घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते इथल्याच म्हाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्याखाली त्यांचा बळी गेला. याच पाण्याखाली मूळ आंबेगाव आहे. तालुक्याचं नाव उरलं, गाव तळाला गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात. जिथे घरं, विहिरी आणि बांध बुडालेले आहेत तिथे पोहायला उतरू नये, हे मुलांना ही गोष्ट सांगून पटवता येतं. पाणी पाहावं, काठावर बसावं, परवाना असलेल्या बोटीतून जीवरक्षक जाकीट घालूनच फिरावं. जाकिटाचा पट्टा पायांखालून घेऊन आवळावा. नुसतं गळ्यात अडकवलेलं जाकीट पाण्यात वर निसटतं.

धरणापेक्षा धोक्याच्या दोन जागा शेतावर असतात. पहिली कालवा. आवर्तन सुटलं की पाणी वेगाने वाहतं, आणि तिरप्या अस्तरावर शेवाळ असल्यामुळे आत पडलेल्याला बाहेर येता येत नाही. दुसरी शेततळं. दिसायला ते निळं, स्वच्छ, अगदी रिसॉर्टच्या जलतरण तलावासारखं. पण त्याला चारही बाजूंनी उतार आणि त्यावर ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद असतो. ओला झाला की तो साबणासारखा निसरडा होतो. पट्टीचा पोहणारासुद्धा कडेला येऊन घसरत राहतो आणि शेवटी थकतो. कुंपण, बाहेर येण्यासाठी बांधलेला दोर आणि टायर नसलेल्या शेततळ्याच्या आसपास मुलांना फिरकू देऊ नये. कोणी पडलंच तर उडी घेऊ नये. दोर, साडी, पाइप, हाती येईल ते फेकावं. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

बिबट्या, साप, मोहोळ

जुन्नरचं नाव काढलं की शहरातला माणूस पहिला प्रश्न बिबट्याचा विचारतो. बिबट्या आहे, आणि तो जंगलात नाही, उसात आहे. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. त्यात सावली, पाणी, आडोसा आणि जवळच कुत्री-शेळ्या. कित्येक पिल्लं उसातच जन्मली, उसातच वाढली. म्हणून नियम जागेचे आणि वेळेचे आहेत. अंधार पडल्यावर मुलं अंगणाबाहेर एकटी नकोत. उसाच्या कडेने चालायचं तर घोळक्याने, बोलत, बॅटरी लावून. बसलेलं किंवा वाकलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं, म्हणून पहाटे-रात्री उघड्यावर बसू नये. घरचा कुत्रा बरोबर आणला असेल तर रात्री आत. बिबट्या दिसला तर पाठलाग आणि चित्रण दोन्ही नको. यजमानाला आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पण ते जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांचं घर आहे, प्राणिसंग्रहालय नव्हे.

बिबट्याची धास्ती सगळ्यांना असते, सापाची नसते, आणि खरी काळजी सापाची घ्यायला हवी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप या भागात आहेत. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश मुंगी चावल्यासारखा वाटतो, सूजही फारशी येत नाही. म्हणून ‘शेतावर गोधडी टाकून झोपू’ ही हौस खाटेवर आणि मच्छरदाणीत भागवावी. सकाळी बूट झटकून घालावेत. दंश झाला तर चिरा देऊ नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. हात-पाय न हलवता थेट दवाखाना गाठावा. एक दिलासा असा की नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावरच्या उपचाराचं मोठं काम अनेक वर्षं उभं केलं आहे. उपाय लस एवढाच, आणि ती जितकी लवकर तितकी बरी.

तिसरं आग्या मोहोळ. लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या कपारींत ती लटकलेली असतात. धूर, फटाके, भडक अत्तर आणि खडा मारणारं एखादं पोर एवढं कारण पुरतं. माश्या उठल्या तर हातवारे न करता तोंड झाकून लांब पळावं. लेण्याद्रीची माकडं त्यामानाने सभ्य. प्रसादाची पिशवी हातात दिसू दिली नाही की झालं.

ताट आणि यजमान

इथे येऊन पनीर मागवणाऱ्याला काय म्हणावं? या भागाचं ताट म्हणजे मासवडी. नाव मासळीचं, पण पदार्थ शाकाहारी. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यात तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण यांचं सारण भरून गुंडाळी करायची आणि आडव्या वड्या कापायच्या; त्या माशाच्या तुकड्यांसारख्या दिसतात. सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. रस्सा जहाल असतो, मुलांना वडी नुसतीच तुपाबरोबर द्यावी. मासवडीला वेळ लागतो, म्हणून सकाळीच सांगून ठेवावं. घाटमाथ्यावर नाचणीची किंवा तांदळाची भाकरी आणि रानभाजी मिळेल; जे शिजलंय ते खावं.

द्राक्षबागेत घड तोडण्याआधी विचारावं. प्रश्न फक्त मालकीचा नाही, फवारणीचाही आहे. कोणत्या ओळीवर औषध मारलंय हे शेतकऱ्यालाच ठाऊक असतं. ज्याच्याकडे राहतो त्याच्याकडूनच तांदूळ, बेदाणे, मध, हिरडा विकत घ्यावा. देवराईतलं फूलही तोडू नये. आहुप्यासारख्या गावांत ती झाडं देवाची म्हणूनच आजवर टिकली आहेत. रात्री स्पीकर लावू नये. यजमानाला पहाटे धारा काढायला उठायचं असतं.

राहता राहिलं बुकिंग. फोटोत झोपाळा, सूर्यास्त आणि चुलीवरची भाकरी दिसतेच. फोटोत न दिसणारं फोनवर विचारावं. आजीसाठी कमोड आणि तळमजल्याची खोली आहे का? विहिरीला कठडा आहे का? वीज गेली तर अंगणात उजेडाची सोय काय? रात्री-अपरात्री गाडी काढून दवाखान्यात नेणारं कोणी आहे का, आणि जवळचा दवाखाना किती दूर? पण या सगळ्यांच्या आधी, भाड्याचीही गोष्ट काढण्यापूर्वी, एक प्रश्न विचारा : शेततळ्याला कुंपण आहे का? ‘नाही, पण आम्ही लक्ष ठेवतो’ असं उत्तर आलं, तर दुसरं घर शोधा.